पलंगावरची आंघोळ: टब फुगवण्याआधी शिकायच्या गोष्टी

माझ्या वडिलांची, नानांची, डावी बाजू अर्धांगवायूने गेली. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "अंगावर पाणी पडल्याशिवाय मला माणसात आल्यासारखं वाटत नाही." मी आणि दादाने लगेच पलंगावर ठेवायचा फुगवायचा टब मागवला. आला त्याच दिवशी फुगवला, बादल्यांनी भरला, नानांना आंघोळ घातली. मग पाणी काढायची वेळ आली आणि लक्षात आलं, की पाइप गादीच्या काठावर चढून मग खाली उतरतोय. पाणी काही तो चढ चढेना. वीस मिनिटं आम्ही दोघं मगांनी पाणी उपसत होतो आणि नाना गार होत चाललेल्या पाण्यात ओठ मिटून पडले होते. एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

टब दीड महिना कपाटावर गेला. तेवढ्यात आम्ही खरं तर आधी शिकायला हव्या होत्या त्या गोष्टी शिकलो: माणसाला कुशीवर वळवणं, अंग उघडं न टाकता पुसून काढणं, त्वचा बघणं. मग टब परत उतरवला आणि तो चालला. हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय. टब घ्यायची घाई झाली असेल, तरी निदान वळवण्याचा भाग आधी वाचा.

(पेशंट हा शब्द घरात मला आवडत नाही, पण लिहिताना सोयीचा पडतो म्हणून वापरते.)

आज आंघोळ घालायची का?

हा प्रश्न रोज विचारायचा. ताप, हुडहुडी, धाप, नेहमीपेक्षा कमी रक्तदाब, उलट्या, किंवा पेशंट नेहमीसारखा प्रतिसाद देत नसेल, तर त्या दिवशी आंघोळ नाही. ही लक्षणं डॉक्टरांना सांगायची असतात, त्यामुळे तो फोन आधी. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. धडधाकट माणसाला यानेच बरं वाटतं, पण आधीच रक्तदाब कमी असलेल्याला चक्कर येते. जेवणानंतर किमान एक तास थांबा. नळीतून अन्न देत असाल तर आंघोळीच्या बऱ्यापैकी आधी ते बंद करा. पोट भरलेलं असताना आडवं करून वळवलं तर अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं.

ताजी शस्त्रक्रिया, उघडी जखम किंवा बेडसोर (एकाच जागी पडून राहून होणारी जखम), गळ्याला छिद्र पाडून बसवलेली श्वासाची नळी, शिरेत कायम ठेवलेली सुई किंवा नळी, यातलं काहीही असेल तर टब आणि शॉवर डॉक्टर किंवा नर्सला विचारल्याशिवाय नको. लघवीचा कॅथेटर (मूत्राशयात घातलेली नळी) असेल तर टबचा पहिला प्रयत्न नर्ससमोर करा. तोवर अंग पुसणं पुरतं.

संपूर्ण आंघोळ रोज हवीच असं नाही. म्हाताऱ्या त्वचेतलं तेल आधीच कमी असतं, रोजच्या साबणाने ती आणखी कोरडी पडून तडकते. तोंड, हात, काखा, जांघा आणि शी-शूची जागा रोज, सगळं अंग आठवड्यातून दोन-तीनदा, केस एकदा. आम्हाला हे गणित जमलं. डायपर ओला झाला की ती जागा मात्र तेव्हाच धुवायची, आंघोळीची वाट बघायची नाही.

कुशीवर वळवणं

सगळ्या आंघोळीत हे चार-पाच वेळा करावं लागतं. हे जमलं नाही तर जगातलं कुठलंही साधन उपयोगाचं नाही.

पलंगाला चाकं असतील तर आधी ब्रेक लावा. पलंग वर-खाली होणारा असेल तर तुमच्या कमरेइतका वर घ्या. साधा बुटका पलंग असेल तर वाकून उभं राहण्यापेक्षा एक गुडघा पलंगावर टेकवा किंवा स्टुलावर बसा. पहिल्या आठवड्यात माझी पाठ धरली ती नानांच्या वजनाने नाही, माझ्या वाकण्याने.

समजा, त्यांना तुमच्याकडे वळवायचंय. आधी त्यांना पलंगाच्या पलीकडच्या काठाकडे थोडं सरकवून घ्या, म्हणजे वळल्यावर ते मधोमध येतील. हे सरकवणं अंगाखाली आडव्या घातलेल्या जाड चादरीने करायचं: दोन्ही बाजूंनी दोघांनी चादर गुंडाळून घट्ट धरायची आणि एकदम ओढायची. माणसाला काखेत हात घालून फरफटवलं तर माकडहाडाची कातडी गादीवर घासून सोलवटते. मग तुमच्या बाजूचा हात अंगापासून थोडा लांब ठेवा, पलीकडचा हात छातीवर आणा, पलीकडचा गुडघा वाकवून पाय उभा करा. एक तळवा पलीकडच्या खांद्यावर, दुसरा खुब्यावर. "नाना, वळतोय हं, एक, दोन, तीन," असं म्हणून स्वतःकडे वळवा. वाकवलेला गुडघा तरफेसारखं काम करतो, ताकद अगदी कमी लागते.

आपल्याकडे वळवायचं, आपल्यापासून लांब ढकलायचं नाही. ढकललं की पलीकडे पडण्याची भीती, आणि पेशंटला ती आपल्यापेक्षा जास्त वाटते. पलीकडे कठडा किंवा दुसरा माणूस असलाच पाहिजे. पक्षाघात असेल तर लुळा हात ओढून कधीही वळवू नका. त्या खांद्याचे स्नायू सैल असतात, सांधा निसटतो आणि ते दुखणं महिनोन्महिने जात नाही. आधी लुळा हात खालून आधार देत उचलायचा, छातीवर ठेवायचा, मग खांदा आणि खुबा धरून वळवायचं.

कपड्यांचा नियम यालाच जोडलेला आहे. काढताना चांगल्या बाजूचा हात आधी, घालताना लुळ्या बाजूचा आधी. पुढून पूर्ण उघडणारे, बटणांऐवजी नाड्यांचे किंवा चिकटपट्टीचे कपडे शिवून घेतले तर निम्मं भांडण मिटतं.

साहित्य

सगळं हाताशी आल्याशिवाय पेशंटच्या अंगावरचं पांघरूण काढायचं नाही. ओल्या अंगाने माणूस पडलाय आणि आपण टॉवेल शोधतोय, हे एकदा झालं की पुरतं.

दोन तसराळी, एक साबणाच्या पाण्याचं आणि एक साध्या, मग, पाण्याचा थर्मामीटर, हातरुमालाएवढी मऊ सुती फडकी सात-आठ, दोन मोठे टॉवेल, अंगावर टाकायला पातळ सुती चादर, गादीवर घालायला मेणकापड किंवा रबरी शीट, हातमोजे, सौम्य साबण, मॉइश्चरायझर, झिंक ऑक्साइडचं मलम, नवीन डायपर, धुतलेले कपडे, कचऱ्याची पिशवी. फडक्यांचे रंग ठरवून टाका. आमच्याकडे पांढरी तोंडाला, निळी अंगाला आणि पिवळी फक्त खालच्या जागेला. घरात कोणीही मदतीला आलं तरी घोटाळा होत नाही.

साबणाबद्दल थोडं सांगते. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, तिचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५ च्या आसपास. नेहमीच्या वडीच्या साबणाचा ९ ते १०. सतत लघवीच्या संपर्कात असलेल्या त्वचेवर वर तसाच साबण घासला तर तिचं आवरण टिकत नाही. म्हणून पीएच ५.५ च्या जवळ असलेलं लिक्विड घ्या, तेही थोडंच. न धुता चालणारे फोम आणि ओले वाइप्स मिळतात, प्रवासात किंवा पाणी नसताना सोयीचे. सुगंधी मात्र घेऊ नका.

पाणी किती गरम? ३७ ते ४० अंश सेल्सिअस. बादलीत आधी गार ओता, वर गरम. उलट केलं आणि मध्येच फोन वाजला तर कडकडीत पाण्याची बादली तशीच राहते. थर्मामीटर नसेल तर कोपर किंवा मनगटाची आतली बाजू बुडवून बघा. तळव्यावर विसंबू नका, तो निबर असतो. मधुमेहात पायांची आणि पक्षाघातात लुळ्या बाजूची संवेदना कमी असते, त्यामुळे "भाजतंय का?" या प्रश्नाला मिळालेलं "नाही" खरं धरू नका. हीटरचा रॉड पेशंटच्या खोलीत नको. पाणी बाहेर तापवून, मिसळून आत आणा. पंखा, एसी बंद, खिडक्या बंद. खोली अशी हवी की तुम्हाला थोडा घाम येईल.

अंग पुसून काढणं

पहिल्या वेळी पाऊण-एक तास जाईल. हात बसला की पंचवीस-तीस मिनिटांत होतं.

आधी लघवीला जायचंय का विचारा, डायपर बघा. शी झाली असेल तर ती पुसून, हातमोजे बदलून मगच सुरुवात. मेणकापड आणि त्यावर टॉवेल अंगाखाली सरकवा. वळवता येतं ना आता! अंगावर सुती चादर टाका आणि तिच्या आतून कपडे काढा. पुढचा सगळा वेळ चादर अंगावरच राहते. जो भाग धुताय तेवढाच बाहेर, धुतला, पुसला, झाकला. नानांना मी पहिल्या दिवशी सरळ उघडं केलं होतं, कामाच्या नादात. त्यांनी उजव्या हाताने चादरीचं टोक शोधलं आणि छातीपर्यंत ओढून घेतलं. शिकवणारं दुसरं कोणी लागलंच नाही.

सुरुवात डोळ्यांपासून. साबण नाही, फक्त पाणी. नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या दिशेने एकदाच पुसा, दुसऱ्या डोळ्याला फडक्याचं दुसरं टोक. मग चेहरा, कानामागे, मान. इथे एक करून बघा: फडकं पिळून पेशंटच्याच हातात द्या. नाना उजव्या हाताने कपाळ पुसायचे, मग डोळे, मग बोटाने फडकं दाबून नाकाच्या कडेची खाच, आणि शेवटी मिशीवरून दोनदा, आधी उजवीकडे मग डावीकडे, जशी ते आयुष्यभर आरशासमोर पुसत आले असतील. तीन मिनिटं जायची. मी ती घाईत कधी कापली नाहीत.

मग हात. बोटांपासून काखेकडे लांब, हलक्या हाताने पुसत जा. पंजा तसराळ्यात बुडवता आला तर बुडवा. लुळ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली असते आणि आत घाम, मळ साचून वास येतो. ती बोटं ओढून उघडायची नाहीत. मनगट थोडं आत वाकवलं की बोटं आपसूक सैल पडतात, मग मध्ये फडकं घाला. छाती, पोट, बेंबी. बायकांच्या स्तनांखालची घडी उचलून धुवायची आणि पूर्ण कोरडी करायची. घड्यांमध्ये ओल राहिली की बुरशी धरते, लालभडक चट्टा पडतो आणि बरा व्हायला आठवडे घेतो. मग पाय. टाचेखाली हात घालून उचला आणि बोटांच्या बेचक्या सुकवा. मधुमेह असेल तर नखं कापायचं काम घरी नको.

पुसणं म्हणजे घासणं नव्हे. टॉवेल टेकवून, दाबून ओल टिपायची.

आता पाणी बदला, फडकी बदला. कुशीवर वळवा, पाठ, मग कुल्ले. शेवटी लघवीची आणि शौचाची जागा. पाणी मध्येच साबणाने पांढरं झालं किंवा कोमट राहिलं नाही तर तेव्हाही बदलायचं, पण या टप्प्याला बदलायचंच. बाईला पुसताना नेहमी पुढून मागे, प्रत्येक वेळी फडक्याची नवी बाजू. उलट पुसलं तर शौचाचे जंतू लघवीच्या मार्गाला जातात. पुरुषाची पुढची कातडी सहज मागे जात असेल तेवढीच हळूच मागे घ्या, साध्या पाण्याने पुसा आणि आठवणीने परत पुढे आणा. मागेच राहिली तर ती सुजून आवळते आणि धावपळ करत दवाखाना गाठावा लागतो. कॅथेटर असेल तर नळी शरीरात शिरते तिथून बाहेरच्या दिशेने पुसायची, एका हाताने नळी स्थिर धरून. पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीला. वळवताना ती पलंगावर ठेवून दिली की लघवी उलटी वाहते, ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते.

मुलीने वडिलांची, मुलाने आईची ही स्वच्छता करायची म्हटलं की दोघंही अवघडतात. आमच्याकडे तेवढ्यापुरता दादा यायचा. तो नसेल तेव्हा मी चादरीखालून फडकं नानांच्या हातात द्यायची, मान वळवून दुसरं काहीतरी बोलत राहायची आणि शेवटी एकदा पुसून घ्यायची. यात कुठला नियम नाही. त्यांना विचारा, जे कमी बोचेल ते करा.

पाठ वळवली आहे तोवर बघून घ्या

सगळी त्वचा एकदम नजरेला पडते ती फक्त आंघोळीत. बेडसोर होतो तो जिथे हाड आणि गादी यांच्यात कातडी चेपली जाते तिथे: माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं, खांद्याच्या मागची हाडं, डोक्याची मागची बाजू, कानाची पाळी. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबा आणि सोडा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर तिथलं रक्त अजून वाहतंय. तसाच लाल राहिला तर ती बेडसोरची पहिली पायरी. सावळ्या-काळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही; तिथे शेजारच्या भागापेक्षा गडद रंग, जास्त गरम किंवा गार स्पर्श, टणक किंवा लिबलिबीत लागणं, हे ओळखायचं.

अशा डागाला चोळू नका. "रक्त फिरू दे" म्हणून तेलाने जोरात चोळणारे पुष्कळ भेटतील, पण आतली दुखावलेली उती त्याने आणखी फाटते. त्या जागेवरचं वजन काढणं हाच उपाय: उशा लावून कूस बदला आणि डॉक्टरांना दाखवा. टाचांसाठी पोटऱ्यांखाली उशी घाला, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. मी तारीख टाकून डागाचा मोबाइलवर फोटो काढायची, चादर बाकी सगळीकडे ओढून.

केस

फुगवायचं डोकं धुण्याचं तसराळं हे या सगळ्या साधनांमधलं सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी. मानेसाठी खाच असते, खाली पाइप असतो, पाणी बादलीत जातं. उशी काढा, खांद्यांखाली घडी केलेला टॉवेल घाला, मान खाचेत ठेवा. मान मागे लोंबकळू द्यायची नाही. म्हातारपणी मानेच्या मागच्या रक्तवाहिन्या जास्त ताणल्या गेल्या तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. चक्कर, अंधारी म्हणाले की लगेच थांबा. कानात कापसाचा सैल बोळा, आत कोंबायचा नाही. एक तांब्याभर पाणी सावकाश, मग थोडा शांपू, मग दोन तांबे. मानेला त्रास असेल तर न धुता चालणारी शांपूची टोपी मिळते. कोमट करून घाला, चोळा, टॉवेलने पुसा. केस तसे चमकत नाहीत, पण खाज जाते.

कुठलं साधन कशासाठी

बॅटरीवरचा शॉवर म्हणजे बादलीत सोडायचा छोटा पंप, त्याला पाइप आणि झारी. चार्जिंग आदल्या दिवशी करा, आंघोळीच्या वेळी वायर जोडलेली नको. मिनिटाला ३ लिटर पाणी फेकणारा शॉवर २० लिटरची बादली सात मिनिटांत संपवतो, त्यामुळे दुसरी बादली तयार हवी. घेताना झारीवरच बंद-चालू करायची कळ आहे का, तेवढं बघा.

एकीकडे फवारा आणि दुसरीकडे तेच पाणी शोषून घेणारं यंत्रही मिळतं. ज्यांना फार वळवता येत नाही त्यांच्यासाठी चांगलं. गादी ओली होत नाही. पण त्याचं तोंड त्वचेला सतत टेकलेलं लागतं. हाडकुळ्या, सुरकुतलेल्या अंगावर कडेने हवा शिरते आणि पाणी गळतं. शिवाय मळक्या पाण्याची टाकी दरवेळी धुवायलाच हवी. विकत घेण्याआधी भाड्याने आणून पाहा.

आणि टब. पेशंट वजनदार असेल किंवा मदतीला दुसरं माणूस नसेल तर टबच्या वाटेला जाऊ नका. एकट्याने टबात आंघोळ घालतात असे व्हिडिओ असतात. त्यात झोपलेला माणूस बहुधा निरोगी असतो.

टबातली आंघोळ

आदल्या दिवशी टब रिकामाच फुगवा, रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडला तर कुठेतरी गळतोय. पाण्याचा पाइप जोडून दोन तांबे पाणी ओता आणि ते बादलीत उतरतं का ते बघा. पाइप टबच्या तळापासून सतत खालीच गेला पाहिजे, कुठेही वर चढता कामा नये, गादी आणि पलंगाच्या मध्ये चेपता कामा नये. आम्ही शेवटी भोक पायाशी येईल असा टब ठेवला आणि डोक्याकडून गादी खालून किंचित उचलली. हवेची गादी असेल तर तिचा पंप बंद करून, प्लग काढून लांब ठेवा. मऊ गादीत टब खचतो आणि मध्ये तळं होतं, म्हणून जमल्यास साध्या गादीवरच करा.

टब भरायचा नाही. ही माझी सगळ्यात मोठी चूक होती. हिशेब करा: २ मीटर लांब आणि ७० सेंटीमीटर रुंद तळावर ५ सेंटीमीटर पाणी म्हणजे ७० लिटर, म्हणजे ७० किलो. पलंगावर आणखी एक माणूस झोपल्यासारखं. तेवढं पाणी तापवायचं, वाहायचं, काढायचं. त्याऐवजी भोक उघडंच ठेवून शॉवर घाला. दीड-दोन बादल्यांत छान आंघोळ होते आणि पाणी साचत नाही.

हवा काढलेला टब लांबीने अर्धा गुंडाळा. पेशंटला कुशीवर घ्या, गुंडाळी पाठीला लावा, पाठीवर आणा, गुंडाळीवरून दुसऱ्या कुशीवर घ्या आणि पलीकडून उलगडा. पलंगाची चादर माणूस झोपलेला असताना बदलतात तसंच अगदी. खाली सुरकुती राहू देऊ नका. अंगठी, घड्याळ, बांगड्या तुम्हीही काढा. टबसाठी आणि त्यांच्या कातडीसाठीही. डोक्याखाली टबाची उशी. आता पंपाने भिंती फुगवा. आवाज मोठा येतो, आधी सांगा, नाहीतर दचकतात. फुगवून झालं की पंप खोलीबाहेर. पाणी त्याच्यानंतरच आत येईल.

एक जण पायाशी शॉवर घेऊन, दुसरा डोक्याशी, बोलायला आणि चेहऱ्याकडे बघायला. पहिलं पाणी तुमच्या मनगटावर, मग त्यांच्या पावलांवर, चांगल्या बाजूच्या. मग हळूहळू वर. पोटावर आणि छातीवर एक कोमट ओला टॉवेल टाकून त्यावरून पाणी सोडा. लाज झाकली जाते आणि उष्णताही टिकते. क्रम वरचाच, खालची जागा शेवटी. पाठीसाठी टबातच थोडं कुशीवर घ्यायचं, पण साबण लावल्यावर माणूस माशासारखा निसटतो, म्हणून पाठीला साबण जवळजवळ नकोच. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. ओठ निळसर, चेहरा पांढरा, श्वास जलद, थरथर, गप्प होणं, यातलं काहीही दिसलं की पाणी बंद, टॉवेल अंगावर.

शेवटचं पाणी उतरलं की टबातच अंग टिपा, कोरड्या चादरीत गुंडाळा, मग भिंतींची हवा सोडा आणि घातला तसाच वळवून टब काढा. हवा सोडण्याआधी तळ पुसून घ्या, नाहीतर उरलेलं ग्लासभर पाणी नेमकं गादीत जातं. मला हे तिसऱ्या वेळी सुचलं.

"नको" म्हणाले तर

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला कपडे काढणं म्हणजे हल्ला वाटू शकतो. ओरडणं, मारणं, चिमटे काढणं हे हट्टाने नसतं. तेव्हा टब, शॉवर सगळं बाजूला ठेवा आणि टॉवेलची आंघोळ करा: मोठा टॉवेल न धुता चालणाऱ्या साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून, पिळून, अंगावर पांघरायचा आणि वरूनच हलक्या हाताने चोळत जायचं, कपडे खालून काढत. अमेरिकेत नर्सिंग होममधल्या रहिवाशांवर झालेला आणि २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात टॉवेलच्या आंघोळीने, आणि माणसाच्या कलाने घातलेल्या शॉवरनेही, आंघोळीच्या वेळची आरडाओरड आणि विरोध बराच कमी झाला. तेही जमलं नाही तर तासाभराने परत विचारा. एक दिवस नुसत्या हात-तोंड पुसण्यावर निघतो.

नंतर

अंग किंचित दमट असतानाच मॉइश्चरायझर लावा, बोटांच्या बेचक्या आणि घड्या सोडून. डायपरच्या जागी झिंकच्या मलमाचा पातळ थर. जाड थापलं तर डायपर लघवी शोषत नाही आणि पुढच्या वेळी काढताना घासावं लागतं. पावडर नको. घड्यांमध्ये ओल लागून तिचे खडे होतात आणि हवेत उडालेली छातीत जाते.

टब साबणाने धुवा, जंतुनाशक बाटलीवर लिहिलंय तेवढंच पातळ करून फिरवा, धुवा आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळेपर्यंत टांगा. पाइप उभा लटकवून वेगळा वाळवा, बुरशी आधी तिथेच धरते. कडक उन्हात दिवसभर ठेवलात तर प्लास्टिक तडकेल.

आंघोळ झाली की नाना घोरायला लागायचे, डायपर बांधून होईतो. झोपू द्यावं, पण कुशीवर, पाठीला उशी लावून. आणि घड्याळ बघून ठेवावं, कारण दोन तासांनी कूस बदलायची असते.